कॉनकॉर्डबद्दल माधवला विचारलेलं

१० ऑगस्ट, रविवार

(पत्र धाडायच्या आधी वहीत उतरवून ठेवायची माझी जुनी सवय. तसंच हे.)

प्रिय माधव,

आधी तुझं सांग. गुडघा काय म्हणतो? जिना चढताना अजून कुरकुरतो का? साखर तपासलीस, की नुसतं 'बरं आहे' म्हणून ढकलतोयस? ऋता पोरीची पाठ दुखत होती, ती राहिली का? जावईबापूंचा दमा कसा आहे? तुझ्या शेजारच्या मांजरवाल्या म्हाताऱ्या बाई पडल्या होत्या, त्या चालायला लागल्या का? आणि त्यांचं मांजर? इकडं शालूचं पित्त सोडलं तर घर ठणठणीत. माझा उजवा अंगठा सकाळी आखडतो, रंधा हातात धरला की सुटतो.

आता मुद्द्याचं. उद्यमनगरातली आपली पॅटर्नवाल्यांची संघटना यंदा खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की एक कार्यक्रम ठेवतेय. कॉनकॉर्ड विमानावर मी बोलायचं. मी लाकडाचं मॉडेल करायला घेतलंय, नाक खालीवर होणारं. पण खरा मान तुझा. तुला तिकडून व्हिडिओवर पडद्यावर दाखवायचं ठरलंय. दहा मिनिटं बोल. ज्या माणसानं कॉनकॉर्डचे लाकडी पॅटर्न हातानं केले तो माणूस कोल्हापूरचा आहे, हे लोकांना डोळ्यांनी बघू दे. मी सगळ्यांना सांगून बसलोय, तेव्हा नाही म्हणू नकोस.

एक शंका. हवेत तापून ते विमान सहा ते दहा इंच लांबतं असं तू अठ्ठ्याहत्तर साली लिहिलं होतंस. मग आतल्या वायरी, तेलाच्या नळ्या ताणून तुटत कशा नाहीत? एवढं विचारून ठेव किंवा आठवून सांग.

तुझा पिऱ्या

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरी-गणपती आज गेले. घर भकास वाटतंय. माधवचं पत्र नाही. एरवी विसाव्या दिवशी दारात असतं.

बसल्या बसल्या जुनी पत्रं काढली. सत्तर साली तो मामाकडं इंग्लंडात ब्रिस्टलला गेला, तोवर आम्ही दोघं एकाच पॅटर्न शॉपमध्ये एकाच बाकावर होतो. तो मॅट्रिक झालेला, मी सातवी. ओतकामासाठी आधी लाकडाचा नमुना करायचा, त्यावर वाळूचा साचा, त्यात धातूचा रस. तो नमुना म्हणजे पॅटर्न. वर्षभरानं त्याचं पत्र आलं की कॉनकॉर्डच्या कारखान्यात पॅटर्न शॉपला लागलो. तेव्हापासून मी विचारतोय आणि तो सांगतोय. मी पहिलं विचारलं होतं, त्या विमानाचं नाक वाकतं कशाला? तो म्हणाला, उतरताना ते इतकं मान वर करून येतं की पायलटला धावपट्टी दिसत नाही, म्हणून नाक खाली पाडायचं. मी ते पत्र शॉपमध्ये मोठ्यानं वाचलं होतं. माणसं हातातलं काम टाकून ऐकत होती. त्या दिवसापासून माझं नाव विमानतात्या पडलं. तेव्हा माझं वय एकवीस.

प्रत्येक पत्रात एखादं चित्र असतं. गंमत म्हणजे चित्राखालचं इंग्रजी अक्षर दर वेळी वेगळं. कारखाना मोठा, खाती पन्नास. ज्या त्या खात्याच्या माणसाकडून माधव काढून घेत असणार. इंधन मागच्या टाकीत नेऊन विमानाचा तोल सांभाळतात, ते चित्र तर हात पुसायच्या कागदावर काढलेलं आहे. बऱ्याच कागदांवर चहाच्या कपाची वर्तुळं आहेत. साहेबाच्या देशात कामाच्या मेजावरच चहा पीत असतील.

शालू समोर शेंगा सोलत होती. म्हणाली, "एवढा मोठा कारागीर, पण हातात रंधा धरल्याला एक फोटू न्हाई धाडला कदी."

मी म्हटलं, "विमानाच्या कारखान्यात कॅमेरा नेऊ देत नाहीत."

"घरात बी न्हेऊ देत न्हाईत व्हय?"

हिला माधवचं पहिल्यापासून वावडं. तो गेला तेव्हा आमचं लग्नही झालं नव्हतं, पण वावडं आहे.

५ सप्टेंबर, शुक्रवार

विजयसिंह घरी येऊन कार्ड देऊन गेला. हा संघटनेचा सेक्रेटरी, स्वतःची फौंड्री आहे, पोरगा उत्साही. कार्डावर छापलंय, 'कॉनकॉर्ड विमानाचे ज्येष्ठ पॅटर्नमेकर, कोल्हापूरचे सुपुत्र श्री. माधवराव, थेट इंग्लंडहून'. माझं नाव खाली बारीक अक्षरात आहे, ते योग्यच.

"तात्या, पावणं नक्की बोलणार न्हवं? तीन कॉलेजांना कार्डं गेल्यात. तोंडघशी पाडू नका."

"बोलणार की," म्हटलं. त्याला काय सांगू, सव्वीस दिवस झाले आणि पत्र नाही म्हणून? माधवला विचारायच्या आधीच मी होकार दिला होता हे खरं. पण तो नाही कशाला म्हणेल? आपल्या कामाचं कौतुक कुणाला नको असतं?

त्याला बरं नसेल. किंवा मी काही लागेल असं लिहिलं का? वहीतलं पत्र तीनदा वाचलं. मांजराची चौकशी केली ते आवडलं नसेल काय.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज माझ्या हातून अशी चूक झाली की कुणाला सांगायची सोय नाही.

मॉडेलचं अंग, म्हणजे पंख सोडून मधला लांब भाग, तीन आठवडे राबून केला. खऱ्याच्या पन्नासाव्या हिश्शानं, सव्वाशे सेंटीमीटरच्या आत बसायला हवा. आज पंख जोडायला गेलो तर खाच जुळेना. अंग दीड सेंटीमीटर जास्त. डोक्याला हात लावून बसलो आणि मग हातातल्या पट्टीकडं बघितलं. श्रिंकेजची पट्टी.

तापलेला रस थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी आमची पट्टी वेगळी असते, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचाहून केसभर मोठा. नुसत्या डोळ्यांना कळत नाही. पंचावन्न वर्षं तीच हातात, त्यामुळं साधी पट्टी उचलायचं सुचलंच नाही. पंखांची मापं स्नेहलनं (सूनबाई) तिच्या शाळेच्या वेळच्या पट्टीनं घेऊन दिली, ती बरोबर. माझीच चुकली. ओतायचं नसलेल्या विमानाला मी आकसायची जागा ठेवली.

एकटाच हसलो. आणि हसता हसता थांबलो.

खरं विमान तरी कुठं ओतलेलं? माधवनंच ब्याऐंशी साली लिहिलंय की अंगाचे मोठे भाग अॅल्युमिनियमच्या जाड पाटांतून कोरून काढतात. कोरलेलं जास्त, उरलेलं थोडं. पत्रा आणि कोरीवकाम. ओतीव जवळजवळ नाहीच. मग एवढी वर्षं त्यानं पॅटर्न कशाचे केले?

असेल एखादा पंप, एखादं ब्रॅकेट. एवढ्या मोठ्या कारखान्यात चार पॅटर्नवाले लागतच असतील. पण नवल हे की दोन्ही गोष्टी पन्नास वर्षं माझ्या डोक्यात होत्या, आणि शेजारी शेजारी ठेवून कधी बघितल्या नाहीत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नळाला पाणी आलं नाही. अंग नव्यानं करायला घेतलं. कालचा विचार बोटात शिरलेल्या कुसळासारखा आहे. दिसत नाही, टोचतो.

१५ सप्टेंबर, सोमवार

उद्यमनगरची सुट्टी. मॉडेलच्या नाकाला लाकडी बिजागरी बसवली. अजून घट्ट आहे, ढकलावं लागतं.

स्नेहल म्हणाली, "मामा, पत्राची वाट कशाला बघताय? ऋताताईंचा नंबर आहे की माझ्याकडं."

मी नको म्हटलं. आमच्यात फोन कधी नव्हता. मागं एकदा त्यालाच म्हटलं होतं, फोन लाव. तर त्यानं लिहिलं, 'फोनवर तू विचारशील ते मला लगेच येणार नाही, पत्रात बरं.' खरं आहे, नीट उत्तर द्यायचं तर माणसाला वेळ लागतो.

पण पंधरा दिवसांवर आलंय. विजयसिंह रोज फोन करतो.

२१ सप्टेंबर, रविवार

शेवटी स्नेहलला फोन लावायला सांगितलं. आपल्याकडं दुपार, तिकडं सकाळ. जसं झालं तसं लिहितो.

ऋता म्हणाली, "काका, बाबा आजारी नाहीत. पण तुमचं पत्र आल्यापासून नीट जेवत नाहीत. पत्र उघडून टेबलावर ठेवलंय आणि समोर बसून राहतात."

"व्हिडिओचं अवघड वाटतंय का त्याला?"

"तेच मला कळत नाही. मी म्हटलं, बाबा, बोला ना, कँटीनच्या गमती सांगा, लोकांना आवडतील. तर उठून खोलीत गेले."

"कसल्या कँटीनच्या?"

"फॅक्टरीच्या. बाबा तिथंच होते ना, काका. आधी भांडी, मग काउंटर, शेवटी तर सगळं कँटीन त्यांच्याकडं होतं. रिटायर होईपर्यंत."

फोन स्पीकरवर होता. स्नेहलनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "हो हो. कँटीन." मग ऋताच्या पाठीचं विचारलं. तिनं काय सांगितलं ते आता आठवत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. लिहायचं काही नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज सगळी पत्रं पोत्यात भरली. रद्दीवाला गल्लीत आला की द्यायची. पन्नास वर्षं. मी त्याच्या नावावर माणसांशी पैजा मारल्या. माझ्या पोराला सांगत आलो, माधवकाकासारखा कारागीर हो. एकशे सत्तावीस डिग्रीला नाक तापतं हे मला सांगणारा माणूस तिकडं बशा विसळत होता, आणि मी इकडं त्याच्या बोटांतल्या कसबाच्या गोष्टी सांगत होतो. उद्यमनगर मला काय म्हणेल? खरं तर आधी माझ्या मनात हेच आलं, माझं काय होईल. लिहून ठेवतो, खोटं कशाला लिहू.

शालूनं पोतं बघितलं. तिला स्नेहलनं सांगितलं असणार.

"रद्दीत घालताय व्हय? घाला की. पर त्यातलं खोटं कुटलं त्ये आदी मला दावा."

"सगळंच खोटं."

"सगळं न्हाई. एक दावा."

रागानं पोतं उपडं केलं. दिवसभर बसलो. स्नेहल बँकेतून आल्यावर तिला मोबाइलवर एकेक बघायला लावलं. नाक किती अंशांनी पडतं, बरोबर. आवाजाच्या दुप्पट वेग, बरोबर. इंधन मागं नेतात, बरोबर. विमान तापल्यावर कॉकपिटात इंजिनिअरच्या पाठीमागं भिंतीत फट पडते आणि तिच्यात टोपी मावते, हे मला थाप वाटलं होतं, तेही बरोबर. खोटं एकच, की तो पॅटर्नमेकर होता. म्हणून ते कुठं लिहिलंय ते शोधलं.

कुठंही लिहिलेलं नाही.

पहिल्या पत्रात इतकंच आहे: 'विमानाच्या कारखान्यात लागलो. काम हाताचं आहे, उभ्यानं करायचं. रोज ते विमान दिसतं.' मग माळ्यावरून माझ्या जुन्या वह्या काढल्या. एकाहत्तर सालच्या वहीत मी त्याला धाडलेलं उत्तर आहे, माझ्याच अक्षरात: 'पॅटर्न शॉपला लागलास हे वाचून ऊर भरून आला. सगळ्या शॉपला पेढे वाटले. तुझ्या वडिलांच्या शाळेतही जाऊन सांगून आलो.'

शालूला वाचून दाखवलं. तिनं रिकामं पोतं घडी घालून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "वाटल्यालं पेढं त्येनं तिकडनं परत कसं गोळा करायचं?"

तरी त्यानं खोडून काढायला हवं होतं. एका ओळीचं काम होतं. ते त्याचं चुकलंच, मी सोडणार नाही. पण पुढच्या पत्रात मी नाकाचं विचारलं होतं, त्याच्या पुढच्यात इंजिनाचं. तब्येत सगळ्यांची विचारत आलो, अगदी मांजरापर्यंत. 'काम कसं चाललंय, जमतंय का' हे विचारल्याचं एकाही वहीत सापडलं नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

विजयसिंहला सांगितलं, माधव बोलणार नाही.

"आजारी हाईत म्हणून सांगू?"

"नको. मी सांगतो काय ते."

त्याचा चेहरा उतरला. खरं बोलावं तर माधवची लाज चारशे माणसांत जाते. गप्प बसावं तर कार्डावरचं खोटं माझ्या तोंडून पुन्हा एकदा खरं होतं. देवीपुढं बसून बघितलं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

रंध्याला, पटाशीला, दोन्ही पट्ट्यांना हळदकुंकू वाहिलं आणि हॉलवर गेलो. माणसं चारशे नव्हती, दीडशे असतील. मॉडेल टेबलावर ठेवलं. नाक खाली केलं ते वर येईना, बिजागरी दमटपणानं फुगली असावी. तसंच खाली मान घातलेलं ठेवलं.

मी उठून म्हटलं, "कार्डावर चूक आहे आणि ती माझी आहे. माधव तिथं पॅटर्नमेकर नव्हता. त्यानं तसं कधी सांगितलं नाही. मी समजलो आणि मी पसरवलं. तो त्या कारखान्यात कामाला होता. मी इथून काहीही विचारलं की तो तिथल्या जाणत्या माणसाला गाठायचा, त्याच्याकडून कागदावर काढून घ्यायचा आणि मला धाडायचा. मला विमानाचं जे काही येतं ते असं आलंय."

केरबा मागून उठला. आमच्या शॉपचा जुना मोल्डर, वाळूचे साचे भरणारा, ऐंशीचा, आवाज अजून भट्टीशेजारचा. "म्हंजे पन्नास वर्सं आमाला शेंडी लावलास की."

"लावली. आधी माझी मीच लावून घेतली."

थोडी माणसं हसली. हसणं चांगलं नव्हतं. कुणीतरी विचारलं, "मग त्यो काम काय करत होता तितं?"

"ते त्याचं तो सांगेल."

मग चाळीस मिनिटं बोललो. कसं बोललो ठाऊक नाही. वायरी ताणून तुटत कशा नाहीत, हे कॉलेजच्या एका मुलीनं विचारलं. म्हटलं, मलाही ठाऊक नाही, विचारलंय. कुणाला विचारलंय असं तिनं विचारलं नाही, बरं झालं.

बाहेर पडताना विजयसिंह म्हणाला, "तात्या, गप बसला असतासा तर कुणाच्या बापाला कळलं असतं?"

त्यानं मॉडेल गाडीत ठेवायला हात लावला नाही. मी आणि स्नेहलनं उचललं. केरबा रस्त्यात दिसला, मान फिरवून गेला. त्याच्याशी माझी दोस्ती माधवच्या आधीची. ती गेली असं धरून चालायला हवं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

(हे पत्र तीनदा खोडलं. आता हेच धाडतो.)

माधव,

जेवायला लाग. आधी ते.

ऋताशी बोललो. तिनं सहज सांगितलं, मला ते ठाऊकच आहे असं धरून ती बोलली. तिच्यावर चिडू नकोस. मी चार दिवस तुझ्यावर चिडलो होतो, तुझी पत्रं रद्दीत घालायला काढली होती, हेही सांगून टाकतो. घातली नाहीत. सभेत मी कार्डावरची चूक माझ्या नावावर सांगितली, कारण वहीत बघितलं तर ती तिथंच निघाली. पेढे मी वाटले होते. तू एका ओळीत खोडायला हवं होतंस, हे मात्र मी आयुष्यभर म्हणणार. तू काय काम करत होतास ते सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही हे तुझ्याकडं.

विमानाचं मी आता पुस्तकातूनही शोधू शकतो, स्नेहल मोबाइलवर काढून देते. तेव्हा तुला दुसरंच विचारतो. कारखान्यात इंजिन चालवून बघायचे तेव्हा तुमच्याकडच्या ताटल्या वाजायच्या का? अन्नावर झाकण ठेवायला लागायचं का? सकाळी किती वाजता कामावर जायचास, थंडीत गरम पाण्यात हात घातल्यावर बरं वाटायचं की भेगा झोंबायच्या? ज्यांनी तुला चित्रं काढून दिली ते कोण कोण होते, त्यांची नावं सांग. मी विचारतो म्हणून तू विचारायला गेलास की ते हसायचे का? तुला काय म्हणून हाक मारायचे?

आणि एक. नवं विमान पहिल्यांदा उडायचं त्या दिवशी सगळी माणसं बाहेर मैदानात जात असतील. तुला जाता यायचं का? की कुणीतरी आत थांबायला हवं, म्हणून दर वेळी तूच थांबायचास?

हे कुठल्या पुस्तकात नाही, तुलाच सांगावं लागेल. चार ओळी लिही, सुचतील तशा, पण याच महिन्यात लिही. मी रोज अकरा वाजता पोस्टमनच्या वेळेला दारात उभा असतो.

तुझा
पिराजी